तीन मेंढ्या आणि एक काळा चंद्र

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
११ जानेवारी २०२४

चि. मैत्रीस गिरजाकाकूचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद, वि. वि.

फोन हाताशी असताना काकू पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. आमच्या घरी फोन स्पीकरवर असतो आणि तुझे काका शेजारी बसून माझी वाक्यं पुरी करतात. पत्रात निदान पूर्णविराम माझा असतो. शिवाय तू जर्सी सिटीहून रोज मॅनहॅटनला जाऊन लोकांचे जुने कागद आणि चित्रं दुरुस्त करतेस, तेव्हा हाताने लिहिलेलं वाचायचा तुला कंटाळा नसणार असं धरून चालते.

आमच्या पॅसेजमधलं निसर्गचित्र तू पाहिलं आहेस. नदी, टेकड्या, वीज पडून मोडलेलं पाइनचं झाड, खडकावर आपल्याकडे पाठ करून बसलेला एक माणूस आणि वर शर्टाच्या बटणाएवढा चंद्र. २०११च्या उन्हाळ्यात पलीकडच्या रस्त्यावरच्या एका म्हातारीचं सामान विकायला काढलं होतं, तिथून मी ते आणलं. सहा वर्षं यांनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. मग २०१७चं सूर्यग्रहण आलं. हे काळा चष्मा लावून अंगणात उभे राहिले, आत आले आणि यांना साक्षात्कार झाला, की चित्रातला चंद्र काळा आहे, म्हणजे तो चंद्र नाहीच, ग्रहण लागलेला सूर्य आहे. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्याला आधी ग्रहण मिळतं, मग चहा. आता एप्रिलमध्ये पुन्हा ग्रहण आहे आणि गावातल्या हिस्टॉरिकल सोसायटीने ग्रहणावरच्या प्रदर्शनात या चित्राला जागा दिली आहे. यांचं भाषणही ठेवलं आहे. स्वारीचे पाय जमिनीवर नाहीत.

माझं म्हणणं एवढंच, की मी आणलं तेव्हा चंद्र पांढरा होता. नदीतलं त्याचं प्रतिबिंबही पांढरं होतं. आणि पलीकडच्या काठावर जे तीन काळे ठिपके आहेत, ज्यांना हे ग्रहणाने घाबरलेली अस्वलं म्हणतात, त्या पांढऱ्या मेंढ्या होत्या. मी हे बोलले तेव्हा हे आधी हसायचे. आता हसायचे थांबले आहेत, ते मला जास्त लागतं. यांनी एक वही घातली आहे आणि तीत माझे विसर लिहून ठेवतात. आमच्या अनुपने पार पश्चिम किनाऱ्यावर बेलव्ह्यूला बसून इथल्या मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट घेतली आहे, १४ मार्चची. तिथे काही निघालं तर हे घर विकायचं आणि आम्ही त्याच्या घराच्या तळमजल्यावर राहायला जायचं, असं बापलेकांचं ठरलं आहे. खोलीचा फोटोसुद्धा आला. खिडकीतून शेजाऱ्याच्या गॅरेजचा दरवाजा दिसतो.

मैत्री, बावीस वर्षं मी फार्मसीच्या काउंटरवर उभी राहिले, एकाची गोळी दुसऱ्याला दिली नाही. पण चार माणसं रोज काळा काळा म्हणायला लागली की आपल्याच डोळ्यांची भीती वाटते. परवा पॅसेजमध्ये उभी राहून मी स्वतःला विचारलं, की खरंच पांढरा होता का. हे चित्र साफ करायला तुझ्याकडेच यायचं आहे. नीट बघ आणि खरं काय ते सांग. माझं चुकलं असेल तर तेही सांग. मग मी एका शब्दाने वाद न घालता बेलव्ह्यूला जाईन.

लोभ आहेच, तो स्पीकरवर ठेवू नये.

तुझी
गिरजाकाकू


जर्सी सिटी
२१ जानेवारी २०२४

ती. काकूस मैत्रीचा सविनय जयभीम, वि. वि.

तुझं पत्र आलं आणि मी ते ट्रेनमध्ये उभ्याने वाचलं. शेजारचा माणूस माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की जणू मी पोथी उघडली आहे.

काकांचा फोन येऊन गेला. त्यांच्या ओळखीचा वूस्टरचा देवांग महिनाअखेरीस इकडे येतोय, त्याच्या गाडीतून चित्र येईल. काकू, तुला आधीच सांगते, माझ्या धंद्यात मायेने मत देता येत नाही. कागद जे सांगेल तेच मी सांगणार, मग ते तुझ्या बाजूचं असो की काकांच्या. तू माझ्यावर हे सोपवलंस त्याचं मला दडपण आलं आहे, हे मात्र लपवत नाही.

तोवर एक काम कर. घरातले जुने फोटो काढ. बारा-तेरा वर्षांत त्या पॅसेजमध्ये कुणीतरी चित्राच्या पुढे उभं राहून दात दाखवले असतीलच. आपल्या लोकांना भिंत दिसली की फोटो सुचतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
मैत्री


श्रूजबरी
३० जानेवारी २०२४

चि. मैत्रीस लहूकाकांचा सप्रेम जयभीम. विशेष हे की,

चित्र काल देवांगबरोबर रवाना केले. काचेसह उभे ठेवून, चारी बाजूंनी उशा लावून, आणि गाडीत गाणी हळू आवाजात लावण्याची सूचना देऊन. पोचल्याची पोच द्यावी.

तुझ्या कामाला दिशा मिळावी म्हणून पार्श्वभूमी देतो. सन १८०६च्या जून महिन्यात न्यू इंग्लंडवरून खग्रास सूर्यग्रहण गेले. आपला चित्रकार, नाव अज्ञात, त्या दिवशी नदीकाठी हजर होता. त्या काळचे चित्रकार भावनेच्या भरात वाहून जाण्याबद्दल बदनाम आहेत. वादळे काय, मोडके किल्ले काय. आपला मात्र निरीक्षण करणारा होता. सूर्य काळा. पाण्यात काळी रेघ. अस्वले गोंधळून बाहेर पडलेली. खडकावरच्या माणसाची कॉलर काळी आहे, तेव्हा तो सुतकात असावा. या मुद्द्यावर अजून विचार चालू आहे. तू फक्त कागदावरचे डाग काढावेत. सूर्याला हात लावू नये.

दुसरी गोष्ट तुझ्यापाशीच ठेव. काकूची तब्येत वरवर चांगली आहे, पण स्मरण दगा देऊ लागले आहे. एकतीस वर्षे मी कामावर शास्त्रीय नोंदी ठेवल्या, म्हणून इथेही ठेवतो. नोव्हेंबरपासून एकोणीस नोंदी झाल्या. उदाहरणार्थ, गाडीची किल्ली हरवली (ती पुढे माझ्या कोटात सापडली, पण हरवली होती हे खरेच). साखरेचा डबा फ्रिजमध्ये. आणि चंद्र पांढरा होता हा हट्ट, जो दर महिन्याला वाढतो आहे. माणूस विसरले तर मी काही म्हणत नाही. पण जे कधी नव्हतेच ते ठामपणे आठवू लागले, की घरच्यांनी सावध व्हावे. रात्रंदिवस तेच डोक्यात असते. अनुप म्हणतो त्याप्रमाणे घर सोडायचे मला जिवावर येते, पण दुसरा मार्ग दिसत नाही.

लोभ आहेच, त्याची वेगळी नोंद ठेवत नाही.

तुझा
लहूकाका


जर्सी सिटी
१८ फेब्रुवारी २०२४

ती. काकांस मैत्रीचा सविनय जयभीम, वि. वि.

चित्र सुखरूप पोचलं. देवांगने गाणी लावलीच नाहीत, बिचारा चार तास तुमच्या सूर्याला भिऊन शांत बसला होता.

आता माझा रिपोर्ट. हे पत्र काकूलाही वाचायला द्या, अशी विनंती आहे.

कागद चिंध्यांच्या लगद्याचा, हाताने केलेला, उत्तम आहे. उजेडासमोर धरला की त्यात कागद करणाऱ्याचं नाव आणि साल दिसतं. साल १८२७ आहे. म्हणजे तुमचं ग्रहण होऊन गेल्यावर एकवीस वर्षांनी हा कागद जन्माला आला. चित्रकाराने आधी शिसपेन्सिलने हलक्या रेघा मारल्या. त्यावर मायफळ आणि हिराकस यांच्या शाईने झाड आणि खडक काढले. ती शाई कागद खाते. झाडावर त्याने बोरू दाबून ओढला आहे, तिथे कागदाला चिरा गेल्या आहेत. मग तीच शाई पाण्यात पातळ करून ब्रशने टेकड्या भरल्या. आणि जिथे उजेड हवा होता तिथे पांढरा रंग ठेवला. तो रंग म्हणजे शिशाचा सफेदा. त्या काळी सगळे तोच वापरत. सफेदा त्याने चार ठिकाणी लावला: चंद्र, पाण्यातली रेघ, माणसाची कॉलर आणि ते तीन ठिपके.

काका, सूक्ष्मदर्शकाखाली चंद्राची फक्त वरची साय काळी आहे, आतून तो पांढराच आहे. तिसरं अस्वल चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीखाली निम्मं झाकलेलं होतं. चौकट काढली. झाकलेला भाग दुधासारखा पांढरा निघाला. चार पाय, लोंबता कान. मेंढी आहे.

शिशाच्या सफेद्याला गंधकाचा वायू लागत राहिला की तो काळा पडतो. तो सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. चंद्र काळा कधी पडला, ते मात्र कागद सांगत नाही. दीडशे वर्षांपूर्वी कुणाच्या कोळशाच्या शेगडीनेही पडला असेल, गेल्या दहा वर्षांतही पडला असेल. म्हणून विचारते, घरात कुठे तसा वास येतो का? बाथरूम, स्वयंपाकघर, तळघर?

तुमचा विश्वास आहे म्हणून एवढं लिहिलं. तो आटू देऊ नका.

तुमची
मैत्री


श्रूजबरी
२४ फेब्रुवारी २०२४

चि. मैत्रीस सप्रेम जयभीम. विशेष हे की,

रिपोर्ट मिळाला. मेहनत दिसते. निष्कर्षांबाबत मतभेद नोंदवतो.

कागद १८२७चा असल्यास चित्रकाराने १८०६चे ग्रहण आठवणीतून काढले असावे. एखादी गोष्ट एकवीस वर्षे स्वच्छ लक्षात राहू शकते. मेंढीबद्दल मी अडून बसत नाही. सफेदा काळा पडला हे रसायनशास्त्र मान्य. पण तो माझ्या जन्माच्या आधी केव्हातरी पडला असणार, सबब काकूने पांढरा पाहिला असणे शक्य नाही. तिच्या फोडणीतल्या हिंगाचा मी विचार करून पाहिला, पण एवढा हिंग ती घालत नाही.

वासाचे म्हणशील तर तो प्रश्न तू ज्याला विचारते आहेस त्याचा विचार कर. माझे नाक पाण्याच्या प्लँटवर गॅसच्या मीटरच्या आधी वाजायचे. लोक मला हाक मारून न्यायचे, की लहू, इकडे ये, हुंगून सांग. माझ्या घरात तो वायू असता तर मला कळला नसता काय? घरात वास नाही. हा विषय संपला.

तुझे पत्र काकूला दाखवले नाही. चौदा तारीख जवळ आली आहे. तिची आशा उगाच वाढवून मग मोडायला नको.

लोभ मतभेदाच्या पलीकडचा आहे, हे सांगायला नको.

तुझा
लहूकाका


श्रूजबरी
३ मार्च २०२४

चि. मैत्रीस काकूचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद, वि. वि.

तुझा रिपोर्ट यांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात ठेवला होता. रद्दी या घरात कोण बाहेर नेतं, हे ते विसरले. मी वाचला. तिसऱ्या मेंढीचा कान लोंबता आहे हे वाचल्यावर मी चष्मा काढून जरा बसले.

सोबत एक फोटो आहे, जपून ठेव. जून २०१२. अनुपची पदवी, काळा झगा, चौकोनी टोपी, आणि मागे पॅसेजची भिंत. टोपीच्या गोंड्याने खडकावरचा माणूस झाकला आहे. पण चंद्र बघ. भिंग लावायची गरज नाही. तीन मेंढ्याही मोजून घे. ज्याने मला क्लिनिकला पाठवायचं ठरवलं, तोच माझ्या चंद्रापुढे दात काढून उभा आहे. आपल्या लोकांबद्दल तू म्हणालीस ते अगदी खरं निघालं.

आता वासाचं. मैत्री, वास येतो. दहा वर्षं येतो. आमच्याकडे टाउनचं पाणी नाही, विहिरीचं आहे. २०१४ साली पाणी तापवायची टाकी बिघडली तेव्हा प्लंबर कशाला म्हणून यांनी दुसरी टाकी स्वतः बसवली, यूट्यूबवर सात व्हिडिओ बघून. तेव्हापासून पाहुण्यांच्या बाथरूममध्ये गरम पाणी सोडलं की अंडी नासल्याचा वास सुटतो, आणि ते दार चित्राच्या बरोबर समोर आहे. पाहुणे चेहरा सरळ ठेवतात. मी आधी जाऊन उदबत्ती लावते. शोकेसमध्ये अनुपची लहानपणची चांदीची वाटी आहे, ती महिन्याला काळी पडते आणि मी महिन्याला घासते.

का नाही बोललीस, असं तू विचारशील. यांना वास येत नाही हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. पोळी करपली तरी येत नाही. प्लँट सुटला, माणसं सुटली, हाका मारणारं कुणी उरलं नाही, एक नाक तेवढं राहिलं होतं. तेही गेलं आहे हे मी कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हणून दूध नासलं आहे का ते मी गुपचूप बघते, गॅस बंद आहे का तेही बघते, आणि वर यांना म्हणते की तुमच्या नाकाला तोड नाही. झाकली मूठ. दहा वर्षं मी यांची कसर भरून काढली, आणि मैत्री, मी त्याची वही घातली नाही.

हे लिहिताना मला राग आला आहे, तो कागदावर सांडला असेल तर पुसून वाच. फोटोची दुसरी प्रत मी यांच्या वहीत घालून ठेवली आहे, विसाव्या नोंदीच्या जागी.

जीव आहे तोवर जीव लाव.

तुझी
गिरजाकाकू


श्रूजबरी
१० मार्च २०२४

चि. मैत्रीस,

वहीत फोटो मिळाला. बराच वेळ पाहिला. मग गॅरेजमध्ये गेलो.

प्लँटवर आम्ही एक सोपी चाचणी करायचो. शिशाचे क्षार लावलेल्या पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या असतात. जिथे संशय असेल तिथे पट्टी टांगायची. हवेत तो वायू असला की पट्टी तपकिरी होते, मग काळी. अशा हजारो पट्ट्या मी वाचल्या असतील. निवृत्त होताना एक डबी खिशात राहिली होती. त्यातली एक बाथरूमच्या दाराला टांगली आणि गरम पाणी सोडले. चहा होईपर्यंत ती काळी पडली.

म्हणजे असे, की माझ्या भिंतीवर शिसे लावलेला एक पांढरा कागद टांगलेला होता. तो दहा वर्षे माझ्या डोळ्यांदेखत काळा पडत गेला. या गावात ती पट्टी वाचता येणारा मी एकटा, आणि मी तिला ग्रहण म्हणून लोकांना चहापूर्वी समजावून सांगत होतो.

तुला एक सांगायचे राहिले आहे. तुझ्या वडिलांनीही सांगितले नसेल, कारण आम्ही दोघे भाऊ ते न सांगता मोठे झालो. तुझे आजोबा म्युनिसिपालटीत ऑफिसात नव्हते. ते मुंबईत ड्रेनेज खात्यात होते, कमरेला दोर बांधून खाली उतरायचे. मी इंजिनियर होऊन इथे आलो आणि नोकरी धरली ती मैलापाण्याच्या प्लँटवर. नाइलाजाने नव्हे, ठरवून. त्या वायूने आमच्या चाळीतली चार माणसे नेली होती, तो मला ओळखून घ्यायचा होता. पण इथे मराठी मंडळात आडनाव विचारून झाले की पुढचा प्रश्न काम कोणते हा असतो, तेव्हा मी एकतीस वर्षे वॉटर क्वालिटी एवढेच सांगितले. ग्रहणाचे चित्र मिळाल्यावर ते सांगायचीही गरज उरली नाही. चित्रवाले लहूजी म्हणून ओळख झाली आणि मला ती गोड लागली.

बाबा नव्या माणसाला एकच गोष्ट शिकवायचे. खाली उतरलास आणि वास येतोय, तर भिऊ नकोस. वास यायचा थांबला की दोर ओढ. तो वायू आधी नाक मारतो, मग माणूस. हे मी प्लँटवर पोरांना शिकवले. पण स्वतःच्या घरात वास यायचा थांबला, तेव्हा मला वाटले की हवा चांगली आहे.

आणि गिरजाचे बोलणेही मला ऐकू यायचे असेच केव्हातरी थांबले. कधी, ते सांगता येत नाही, नोंद नाही. ती इतकी वर्षे वरून दोर धरून उभी होती आणि मी तिचेच विसर मोजत होतो. वही मी काल तिच्या हातात दिली. तिने ती उघडली नाही, रद्दीत ठेवली.

चौदा तारखेला आम्ही जाणार आहोत. ती म्हणाली की आता तर जायचेच, पण परीक्षा दोघांची होऊ दे.

तू चंद्राचे काय करायचे ते कर. सूर्य म्हटलेला मी मागे घेतो.

तुझा
लहूकाका


जर्सी सिटी
२० मार्च २०२४

ती. काका आणि काकू यांस मैत्रीचा सविनय जयभीम, वि. वि.

या वेळी पत्र दोघांना एकत्र लिहिते आहे. आलटून पालटून वाचा, वर्तमानपत्रांत ठेवू नका.

आजोबांचं वाचून मी बाबांना फोन केला. ते इतकं बोलले की फोनची बॅटरी गेली. ते सगळं भेटीत सांगेन. मी पण लोकांना कागदपत्रांचं काम करते एवढंच सांगते, आणि ते मला बँकेतली समजतात. मीही आता नीट सांगत जाईन.

चंद्राचं. अगदी बारीक ब्रशने पेरॉक्साइड लावलं की काळी साय पुन्हा पांढरी होते. चित्रकाराने लावलेला तो पहिला पांढरा परत येत नाही, हा दुसरा पांढरा असतो, पण टिकतो. मेंढ्या झाल्या, कॉलर झाली, नदीतली रेघ झाली. चंद्रही झाला आहे, फक्त डाव्या कडेला नखाच्या कोरीएवढा काळा मी अजून ठेवला आहे. काय घडलं त्याचा पुरावा म्हणून थोडंसं राखून ठेवायची आमच्यात रीत आहे. पण शेवटचा शब्द मालकाचा. चित्र काकूने आणलं, म्हणून काकूलाच विचारते. कोर ठेवू की घालवू?

दोघांच्या मायेत मला मधली जागा ठेवा.

तुमची
मैत्री

ता. क. टाकीसाठी प्लंबर बोलवा. व्हिडिओ बघू नका.


श्रूजबरी
१४ एप्रिल २०२४

चि. मैत्रीस काकूचा सप्रेम जयभीम आणि उदंड आशीर्वाद, वि. वि.

कोर ठेव म्हणून मी फोनवर तुला सांगितलंच होतं. तो फोन स्पीकरवर नव्हता, हे तुझ्या लक्षात आलं का? चित्र सुखरूप आलं.

आधी क्लिनिकचं, कारण अनुपला मी एवढंच कळवलं आहे की निकाल लागला. डॉक्टरीणबाईंनी पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले. मी पाचही सांगितले. यांनी चार सांगितले. पाचवा शब्द बाईंनी उच्चारलाच नव्हता, असं यांचं अजून म्हणणं आहे. बाकी दोघांचं ठीक आहे. यांच्या नाकाची मात्र दुसरीकडे तपासणी झाली आणि ते परत यायचं नाही असं सांगितलं. घरी आल्यावर मी दुधाचं पातेलं यांच्यापुढे धरलं, हे सवयीने हुंगायला गेले आणि मग माझ्याकडे देऊन म्हणाले, की तूच सांग. मी सांगितलं. अनुप जुलैत येतोय, आम्हाला न्यायला नव्हे, राहायला. तळमजल्याच्या खोलीत त्याने व्यायामाची सायकल ठेवली.

प्लंबर येऊन गेला. टाकी बघून त्याने विचारलं की ही कुणी बसवली. मी म्हटलं, आधीच्या मालकाने.

प्रदर्शनाच्या बाईंना यांनी स्वतः जाऊन सांगितलं की चित्रात ग्रहण नाही. त्यांनी पाटी बदलली आणि त्यावर माझं नाव घातलं. भाषण काही त्यांनी रद्द केलं नाही. मंडळाची माणसं आली होती, त्यांतल्या अपर्णाताई पुढच्या रांगेत होत्या. ग्रहणाला दोन दिवस उरले होते, सगळ्यांना काळा सूर्य ऐकायचा होता. हे उभे राहिले आणि खिशातून काळी पडलेली पट्टी काढून दाखवली. मग शिशाचा सफेदा, विहीर, टाकी, सगळं ओळीने सांगितलं. आपलं नाक गेलं आहे हेही सांगितलं. आणि मग म्हणाले, की मी एकतीस वर्षं मैलापाण्याच्या प्लँटवर होतो आणि माझे वडील मुंबईत दोर बांधून गटारात उतरत. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी यांच्या तोंडून घराबाहेर पहिल्यांदा ऐकलं. अपर्णाताईंनी नंतर येऊन विचारलं, की आमच्याही विहिरीचं पाणी तसंच आहे, लहूजी एक पट्टी देतील का. हे त्याच दिवशी त्यांच्या घरी गेले.

ग्रहण आम्ही अंगणातूनच बघितलं. सूर्य पुरता काळा काही झाला नाही, थोडा राहिलाच. यांनी त्यावर काही मत दिलं नाही.

चित्र प्रदर्शनातून आलं की आता बैठकीच्या खोलीत लागेल. परवा शेवटच्या दिवशी मी तिथे गेले होते. हे चित्रापुढे उभे राहून एका अमेरिकन जोडप्याला ती काळी कोर दाखवत होते, की एवढी आमच्या घराने केली, उरलेला चंद्र पुतणीने धुतला. त्या बाईने विचारलं, की तुम्ही घेतलं तेव्हा तो कसा होता. हे म्हणाले, पांढरा. मग सगळ्यांच्या देखत माझ्याकडे वळले आणि विचारलं, की गिरजा, बरोबर ना?

मी लगेच हो म्हटलं नाही. जरा आठवल्यासारखं केलं, यांना तिथे उभं ठेवलं, आणि मग हो म्हटलं.

इकडची काळजी सोड, माया मात्र धरून ठेव.

तुझी
गिरजाकाकू